मी काहीच बदललेले नाही

गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका पत्रातले शेवटचे वाक्य अजून माझ्या मनातून गेलेले नाही. पत्र लिहिणाऱ्या बाई मातीच्या अभ्यासक होत्या. नमुन्यांतला ओलावा मोजणाऱ्या यंत्राचे आकडे वाचून त्यांचा आलेख काढणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी पूर्वी कधीतरी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला होता. डावीकडे आकड्यांची यादी, उजवीकडे हिरवी रेघ, खाली दोन-तीन बटणे, एवढाच त्याचा पसारा. विद्यार्थ्यांच्या पिढ्या येत-जात राहिल्या आणि प्रोग्राम आपले काम करत राहिला. मग प्रयोगशाळेतला संगणक बदलला, त्याबरोबर नवे पायथॉन आले आणि विंडो उघडेना. पायथॉनला विंडो काढणाऱ्या दुसऱ्या भाषेतल्या लायब्ररीशी जोडणाऱ्या ज्या बाइंडिंगची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांत मी आहे, त्याच्याकडे बोट दाखवणारा त्रुटीचा संदेश त्यांनी जसाच्या तसा पाठवला होता. पूर्णांक हवा होता, अपूर्णांक मिळाला, असा त्याचा अर्थ. आणि खाली एकच ओळ होती, ‘प्रोग्राममध्ये मी काहीच बदललेले नाही.’

कारण सापडायला वेळ लागला नाही, कारण त्याच जातीची तक्रार आमच्याकडे आधीही आली होती. विंडो पडद्याच्या मधोमध उघडावी म्हणून बाईंनी पडद्याच्या रुंदीतून विंडोची रुंदी वजा करून तिला दोनाने भागले होते. पायथॉन 3 मध्ये साध्या भागाकाराचे उत्तर नेहमी अपूर्णांकातच येते, मग भाग निःशेष जावो वा न जावो. विंडो हलवणाऱ्या, सी प्लस प्लस या भाषेतल्या फंक्शनला मात्र पूर्ण पिक्सेल लागतो. पूर्वी या दोहोंच्या मध्ये दशांश चिन्हापुढचा भाग गुपचूप गळून पडत असे आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नसे. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या पायथॉन 3.10 ने ही गुपचूप गळती बंद केली. त्याआधीच्या दोन आवृत्त्या तशी सूचना देत होत्या, परंतु ती सहसा डोळ्यांसमोर येत नाही. हा निर्णय योग्य होता, असेच माझे मत आहे. माहिती हरवते आहे हे न सांगता ती हरवू देणे कोणत्याही भाषेला शोभत नाही. भागाकाराच्या चिन्हाऐवजी दुहेरी चिन्ह वापरा, एवढे मी बाईंना कळवले, प्रोग्राम सुरू झाला आणि त्यांनी आभार मानले. प्रश्न मिटला, पण ते वाक्य मागे राहिले, कारण ते अक्षरशः खरे होते.

काहीच न बदलता प्रोग्राम बिघडतो, तेव्हा बदललेले असते ते सगळे त्याच्या भोवतालचे.

बाइंडिंग ही दोन घरांमधली सामाईक भिंत आहे. इकडच्या घरात दर ऑक्टोबरला पायथॉनची नवी आवृत्ती येते, तिकडच्या घरात टूलकिट, म्हणजे विंडो आणि बटणे काढून देणारी लायब्ररी, आपल्या वेळापत्रकाप्रमाणे फंक्शने जोडते, जुनी काढून टाकते, आणि दोन्हीकडच्या दुरुस्तीचे तडे मधल्या भिंतीवर उमटतात. पलीकडे ऑपरेटिंग सिस्टिमही स्वस्थ बसलेली नसते. लिनक्सवर वेलँड ही पडद्यावर विंडो मांडणारी नवी व्यवस्था आल्यापासून विंडोने पडद्यावर स्वतःची जागा स्वतः ठरवण्याची सोयच उरलेली नाही. ती जागा आता डेस्कटॉप ठरवतो. जीटीके या टूलकिटच्या चौथ्या आवृत्तीतून तर विंडो हलवणारे फंक्शनच काढून टाकले गेले. म्हणजे बाईंचा तो भागाकार दुरुस्त झाला, तरी पुढच्या एखाद्या संगणकावर त्याचे उत्तर कोणी विचारात घेणार नाही. अशा वेळी देखभाल करणाऱ्याचे काम एका वाक्यात सांगता येते. आपण सतत बदलत राहायचे, म्हणजे दुसऱ्या कोणाला ‘मी काहीच बदललेले नाही’ हे निर्धास्तपणे म्हणता येईल. हे काम दिसत नाही, याचे मला दुःख नाही. पण ते काम आहे, आणि ते कोणीतरी रोज करते, हे अनेकांच्या गावीही नसते, याची मात्र खंत वाटते.

या कामाशी माझी पहिली गाठ पडली तेव्हा मला बाइंडिंग हा शब्दही ठाऊक नव्हता. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, लिनक्सच्या संगणकावर, मी टीकेइंटर, म्हणजे टीके या टूलकिटचे पायथॉनबरोबर येणारे बाइंडिंग, वापरून एक विंडो तयार केली आणि तिच्यावर मराठीत ‘विद्यार्थी’ असे लिहिले. प्रयोगशाळेला धुळीचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास असे, पंखे इतका आवाज करत की शेजारच्याशी बोलायला वाकावे लागे. विंडो उघडली आणि शब्द दिसला तो असा की, पहिली वेलांटी ‘व’च्या नंतर जाऊन उभी आहे, जोडाक्षर उसवले आहे आणि त्यातला हलंत पाय मोडल्यासारखा खाली लोंबतो आहे. तोच शब्द टर्मिनलमध्ये छापला, फाइलमध्ये लिहून पाहिला, त्याची अक्षरे एकेक करून मोजली. सगळे जागच्या जागी होते. पायथॉनकडे शब्द बरोबर होता, बाइंडिंगने तो बरोबर पोचवला होता, आणि तरीही पडद्यावर तो मोडून पडला होता.

पुढे कळले की लिनक्सवरचे टीके मजकूर काढताना वर्णामागून वर्ण ठेवत जाते. देवनागरीत वर्णांची जागा आणि आकार शेजाऱ्यावरून ठरतात, त्याची गणती त्यात होतच नाही. विंडोज आणि मॅकवर तेच काम तिथली व्यवस्था आपल्या अंगावर घेते, म्हणून तिकडे तोच प्रोग्राम शब्द नीट दाखवतो. त्या दिवशी जे वाटले त्यात राग कमी आणि अपमान अधिक होता, आणि तो अपमान कोणी मुद्दाम केलेला नाही हे कळल्यावरही तो पुरता गेला नाही. मात्र एक गोष्ट पक्की बसली. मधल्या थराने आपले काम चोख केले, तरी पलीकडच्याला जे येत नाही ते त्याला करून दाखवता येत नाही.

याच्या अगदी उलट अनुभव जीटीकेने दिला. तिथे मजकूर मांडण्याचे काम पँगो नावाची लायब्ररी करते आणि तिला जोडाक्षरे येतात. जीटीकेचे पहिले पायथॉन बाइंडिंग, पायजीटीके, जेम्स हेनस्ट्रिज यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लिहायला घेतले. त्या बाइंडिंगची एक आठवण महाराष्ट्रातली आहे. दर मुलामागे एक लॅपटॉप या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग 2007 साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर शुगर नावाचा जो डेस्कटॉप होता, तो पायथॉनमध्ये लिहिलेला होता आणि पडद्यावर उमटत होता तो पायजीटीकेच्या द्वारे. कर्जतच्या घाटातून गाडी जाते तेव्हा मला कधी कधी ते आठवते. त्या मुलांनी दाबलेले प्रत्येक बटण जीटीकेच्या सी भाषेतून निघून त्या मधल्या थरातून पायथॉनमध्ये शिरत होते. लॅपटॉपला मेमरी होती अवघी 256 एमबी, आणि शुगरमधली बहुतेक प्रत्येक ॲक्टिव्हिटी हा पायथॉनचा वेगळा प्रोग्राम होता. हजारो फंक्शनांचे बाइंडिंग दर वेळी मेमरीत चढवणे म्हणजे काय, हे तिथे जितके जाणवले असेल तितके आमच्या शहरातल्या टेबलांवर जाणवले नसते. शुगरवर काम करणारे तोमेऊ विसोसो पुढे जीटीकेच्या नव्या धर्तीच्या बाइंडिंगच्या कामात उतरले, हे मला त्यामुळेच स्वाभाविक वाटते.

ही नवी धर्ती समजावून सांगण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक फंक्शनाचे वर्णन एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवत, त्यावरून सी चा भलामोठा कोड तयार होई, आणि जिथे यंत्राला जमत नसे तिथे माणूस हाताने तुकडा लिही. टूलकिट पुढे गेले की हे सगळे पुन्हा करायचे. नव्या पद्धतीत, म्हणजे जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शनमध्ये, टूलकिट स्वतःच आपली माहिती सांगते. कोणते फंक्शन काय घेते आणि काय देते, ही माहिती एका फाइलमध्ये बसते आणि पायथॉन ती चालता चालता वाचते. पण सी भाषेला एक गोष्ट सांगताच येत नाही. फंक्शनने परत दिलेली वस्तू आता घेणाऱ्याच्या मालकीची झाली, की ती अजून देणाऱ्याचीच आहे? म्हणून ही माहिती फंक्शनाच्या वरच्या टिपणीत लिहितात. ‘ट्रान्स्फर फुल’ म्हणजे आता ती तुमची, वापरून झाली की तुम्हीच मोकळी करा, आणि ‘ट्रान्स्फर नन’ म्हणजे हात लावू नका. एरवी टिपणी ही माणसासाठी असते, संगणक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. इथे त्या एका शब्दावर वस्तूचे जगणे-मरणे ठरते. ‘नन’च्या जागी ‘फुल’ लिहिले गेले, तर पायथॉन दुसऱ्याची वस्तू मोकळी करते आणि प्रोग्राम कोसळतो. तोही त्या ओळीवर नव्हे, तर कितीतरी नंतर, भलत्याच ठिकाणी, जिथे एखादा निरपराध मेनू उघडत असतो. कोसळण्याआधी पायथॉन सहसा आपल्या त्रुटीचा मागही देत नाही. विंडो होती, आता नाही, एवढेच वापरणाऱ्याला दिसते.

माझ्या लेखी या सगळ्या कामाचा गाभा इथेच, मालकीच्या प्रश्नात आहे. पायथॉन वस्तूकडे किती जण बोट दाखवतात ते मोजते, आणि मोजणी शून्यावर आली की वस्तू टाकून देते. टूलकिटमध्ये विंडो आपल्या आतल्या बटणांची मालकीण असते, ती गेली की तीही जातात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी शहाण्या आहेत, आणि एकाच वस्तूवर दोन्ही लागू झाल्या की नवशिक्याला न उलगडणारे चमत्कार घडतात. फंक्शनमध्ये विंडो तयार केली, तिचे नाव त्या फंक्शनपुरतेच होते, फंक्शन संपले, आणि पडद्यावर विंडो क्षणभर लखकन चमकून नाहीशी झाली. टीकेइंटरमध्ये बटणावर चित्र लावले, चित्राला धरून ठेवणारे पायथॉनमध्ये कोणी उरले नाही, आणि बटण कोरे राहिले. उलट बाजूने, क्यूटी या आणखी एका टूलकिटमध्ये विंडो बंद झाली, आतले लेबल तिच्याबरोबर गेले, पण पायथॉनमधले नाव तसेच आहे, आणि त्या नावाने हाक मारली की उत्तर येते, आतली सी प्लस प्लसची वस्तू नष्ट झालेली आहे. हे प्रश्न विचारणारी मुले शिकत असतात, चिडलेली असतात, आणि त्यांना वाटते की आपल्यालाच काही कळत नाही. त्यांना उत्तर लिहिताना मी घाई करत नाही. न कळण्याचा दोष त्यांचा नाही, दोन वेगळे कायदे एका वस्तूवर चालतात हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

जीटीकेच्या बाजूने या पेचावर जो उपाय निघाला, तो मला आजही फार सुंदर वाटतो. समजा, एका बटणाच्या पायथॉनमधल्या रूपाला कोणी आपली माहिती चिकटवून ठेवली, आणि मग ते नाव सोडून दिले. बटण मात्र विंडोत अजून आहे. उद्या तेच बटण विंडोकडून परत मागितले, तर चिकटवलेली माहिती जागेवर हवी. मग पायथॉनचे रूप जिवंत ठेवायचे का? ठेवले, तर दोघे एकमेकांना धरून राहतील आणि कोणीच कधी सुटणार नाही. 2005 साली जीलिब 2.8 मध्ये, म्हणजे जीटीकेच्या पायाशी असलेल्या लायब्ररीत, यासाठी टॉगल रेफरन्स आला. वस्तूला बाहेरचा आणखी कोणी धरून आहे तोवर ती आपल्या पायथॉन रूपाला घट्ट धरते, आणि इतर सगळे निघून गेले की तीच पकड सैल होते. ही सोय मुख्यतः बाइंडिंग लिहिणाऱ्यांसाठीच केली गेली. टूलकिटच्या माणसांनी दुसऱ्या भाषेतल्या, आपल्याला कधी न भेटणाऱ्या प्रोग्रामरसाठी आपल्या पायाभूत वस्तूत बदल केला, याचे मला मोल वाटते.

अशाच बारीक समजुतीचे आणखी एक उदाहरण पायजीऑब्जेक्टच्या, म्हणजे जीटीकेच्या त्या नव्या बाइंडिंगच्या, कोडमध्ये आहे. जीटीके 3 च्या कंटेनरमध्ये, म्हणजे बटणे वगैरे ठेवायच्या डब्यात, किती घटक आहेत ते पायथॉनच्या पद्धतीने मोजता यावे, म्हणून त्याला लांबी दिली गेली. पण पायथॉनमध्ये ज्याची लांबी शून्य ते असत्य मानले जाते. म्हणजे ‘डबा आहे का?’ असे कोणी विचारले आणि डबा रिकामा असला, तर उत्तर ‘नाही’ असे येणार. म्हणून तिथे आणखी एक छोटे फंक्शन आहे, जे काहीही न पाहता नेहमी ‘खरे’ असे उत्तर देते. ते वाचले तेव्हा लिहिणाऱ्याचा हात ओळखीचा वाटला. दोन्ही बाजूंची सवय ज्याच्या अंगी मुरली आहे, त्यालाच अशी ओळ सुचते. क्यूटीच्या बाजूलाही अशा खुणा आहेत. विंडो पुढे आणण्याच्या फंक्शनाचे नाव पायथॉनचा राखीव शब्द आहे, म्हणून पायक्यूटी या क्यूटीच्या पायथॉन बाइंडिंगमध्ये त्याच्या शेवटी अंडरस्कोर लावावा लागतो. पायक्यूटी फिल थॉम्पसन यांनी 1998 पासून सांभाळले आहे. एका माणसाने इतकी वर्षे एकच सीमा राखावी, याला माझ्याकडे आदराखेरीज दुसरा शब्द नाही.

देवनागरीचा प्रश्न मात्र जोडाक्षरे नीट दिसली म्हणून संपत नाही.

‘क्षितिज’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात. पायथॉन त्याची लांबी सात सांगते, कारण हलंत आणि वेलांट्या ते वेगळ्या मोजते. पँगो मजकुरातली जागा यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीतल्या बाइटमध्ये मोजते, आणि तिथे हाच शब्द 21 बाइटचा होतो. पहिल्या ‘क्षि’ला लाल रंग द्यायचा असेल, तर पायथॉनच्या हिशेबाने शून्यापासून चारपर्यंत जावे लागते, पँगोच्या हिशेबाने शून्यापासून बारापर्यंत. बाइंडिंग हे आकडे जसेच्या तसे पोचवते. ते त्याने बदलून द्यावेत का, हा वाद सोपा नाही. बदलायचे म्हटले तर कोणता आकडा जागा दाखवतो आणि कोणता नुसता आकडा आहे, हे प्रत्येक फंक्शनागणिक ठाऊक हवे, आणि मोठ्या मजकुरात दर वेळी मोजणी करण्याची किंमतही द्यावी लागते. मला हे मान्य आहे. पण जे मनाला लागते ते वेगळेच. इंग्रजी मजकुरात एक वर्ण म्हणजे एक बाइट, त्यामुळे तिथे दोन्ही आकडे सारखेच येतात आणि चूक कधी उघडकीलाच येत नाही. प्रोग्राम लिहिला जातो, तपासला जातो, जगभर जातो, आणि त्यातला सांधा पहिल्यांदा उसवतो तो मराठी, हिंदी, तमिळ लिहिणाऱ्याच्या हातात. म्हणून आमच्या चाचण्यांमध्ये मी आग्रहाने देवनागरी शब्द घातले आहेत. कोणी विचारले की या विचित्र शब्दांचे इथे काय काम, तर मी सांगते की हे आमचे रोजचे शब्द आहेत, आणि हिशेब इथे जुळला तर तो सहसा सगळीकडे जुळतो.

देखभाल थांबली की काय होते, हेही पाहिलेले आहे. पायजीटीकेची शेवटची आवृत्ती, 2.24, एप्रिल 2011 मध्ये आली. जीटीके 3 आले, पायथॉन 3 रुळले, आणि ते बाइंडिंग दोन्हीच्या मागे राहिले. ज्या चित्रकामाच्या प्रोग्राममुळे जीटीके जन्माला आले, त्या गिंपचे पायथॉन प्लगइन त्यावरच उभे होते. लिनक्सच्या वितरणांनी पायथॉन 2 बरोबर पायजीटीके काढून टाकले तेव्हा वापरणाऱ्यांची प्लगइने एका अपडेटसरशी गेली. मार्च 2025 मध्ये गिंप 3.0 आले आणि नव्या बाइंडिंगवर पायथॉन 3 ची अधिकृत सोय झाली. छायाचित्रांवर काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने मधल्या काळात तेवढ्यासाठी जुना संगणक कपाटात जपून ठेवला होता. तिनेही काहीच बदललेले नव्हते. यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. स्वयंसेवकाला घर असते, नोकरी असते, आजारपण असते, आणि कंपनीच्या आधाराने उभे राहिलेले बाइंडिंगही कंपनीचा रोख बदलला की पोरके होते. नोकियाने 2009 साली पायसाइड हे क्यूटीचे दुसरे पायथॉन बाइंडिंग उभे केले आणि काही वर्षांतच क्यूटीमधून अंग काढून घेतले. त्यानंतर क्यूटी 5 साठीचे पायसाइड 2018 मध्ये नीट हाती यायला किती जणांचे श्रम लागले असतील, ते या कामातले माणूसच समजू शकेल.

सध्या आमच्यापुढे मोठे काम आहे ते कुलुपाचे. पायथॉनमध्ये एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या एकाच धाग्याला, चालू देणारे एक कुलूप आजवर होते, आणि आमचा सगळा कोड ते आहे असे धरून लिहिलेला आहे. पायथॉन 3.13 मध्ये कुलपाविना चालणारी आवृत्ती प्रयोग म्हणून आली, 3.14 मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली. सी मध्ये लिहिलेल्या मॉड्यूलने ‘मी कुलपाविना सुरक्षित आहे’ असे स्वतःहून जाहीर करायचे असते. त्याने तसे म्हटले नाही, तर ते इंपोर्ट होताच कुलूप पुन्हा लागते. हे जाहीर करायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ लवकर लिहा असा तगादाही सुरू झाला आहे. मी मात्र त्या आधीच्या कामांची यादी हातात घेतली आहे. पायथॉनच्या लिस्टमधून उसनी घेतलेली, मालकी नसलेली प्रत्येक वस्तू कुठे वापरली आहे ते शोधायचे, तिथे मालकी घेणारे नवे फंक्शन घालायचे, मग टूलकिटकडून परत येणारी प्रत्येक हाक कोणत्या थ्रेडवर येते ते तपासायचे. दिवसभराचे काम आटोपले की संध्याकाळी थोडे थोडे करते. बिल्ड सुरू झाली की लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो, टेबल तापते, आणि तेवढ्या वेळात चहा होतो. सिग्नलच्या कॉलबॅकचा, म्हणजे टूलकिटकडून येणाऱ्या त्या हाकांचा, भाग अजून राहिला आहे, सर्वांत अवघड तोच आहे, आणि तो पुरा तपासून होईपर्यंत ती एक ओळ घालू नये असे मी इतरांना कळवले आहे.